जावळाची लोकर

दीडशे मेंढरांतलं एखादं लंगडायला लागलं, तर ते बघायला आश्रुबाला मान वळवावी लागत नसे. कळप पाठीमागून येत असला तरी एवढ्या खुरांच्या आवाजात कुठला तरी एक खूर उशिरा पडतोय, हे त्याच्या कानाला बरोबर कळायचं. मग तो थांबायचा, काठी आडवी धरायचा आणि नेमक्या त्याच मेंढीचा मागचा पाय धरून तिला बाहेर ओढायचा. आष्टीच्या बाजारात लोक त्याला गमतीनं 'कानाचा डॉक्टर' म्हणत. तोही हसण्यावारी न्यायचा, पण आतून त्याला बरं वाटायचं.

असल्या माणसाला स्वतःची पोरगी आठ दिवस लंगडत होती हे कळलं नाही.

सुकन्या त्याची एकुलती एक. वय वीस. उन्हाळ्यापासून ती आष्टीत मामाकडं राहून पोलीस भरतीची तयारी करत होती. सोमनाथ नावाचा एक पोरगा, स्वतः दोनदा भरतीत थोडक्यात हुकलेला, तिथल्या माळावर पोरापोरींना पळायला शिकवायचा. पोरींना आठशे मीटर पळायचं असतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं तर पुरे वीस गुण. सुकन्या दोन पंचावन्नवर अडकली होती. हे पाच सेकंद तिच्या डोक्यात इतके बसले होते, की भाकरी खातानाही ती ते मोजत असावी.

दिवाळीनंतर मामा-मामी ऊसतोडीला गेले, घराला कुलूप लागलं आणि सुकन्या पिशवी घेऊन आईबापाच्या मागं मेंढरांत आली. येताना तिनं नवे बूट घेतले. अर्धं बोट घट्ट होते. दुकानदार म्हणाला, चार दिवस पायात फिरले की सैल पडतील. बूट काही सैल पडले नाहीत. त्यात तिची चप्पल काळ्या चिखलात रुतून अंगठ्यातून तुटली, आणि पहाटेचं पळणंही बुटात, दिवसभराचं चालणंही बुटात, असं होऊन बसलं.

चिखल होता, कारण मार्गशीर्षात नको तो पाऊस तीन दिवस पडला होता. सगळं रान भिजलं. मेंढरांच्या खुरांत चिखल बसून खूर सडायला लागले. तेव्हा त्यांचा मुक्काम विजयसिंहांच्या रानात होता. खतासाठी आठ दिवस मेंढरं बसवायची असा शब्द झाला होता. तिसऱ्याच दिवशी सकाळी विजयसिंह गाडीवरून बांधापर्यंत आले आणि गाडीवरून न उतरताच बोलले.

"आश्रुबा, मेंढरं हालव. वल्या रानात तुडवून माती दगडासारखी झाली की."

"बापू, मेंढरांच्या पायाला लागलंय. दोन दिस ऱ्हाऊ द्या. मग जातो."

"दोन दिवसांत माझं रान बसल. वरच्या अंगाला माळाचा तुकडा हाय आपला. तिथं ने. आजच."

वरचं अंग म्हणजे डोंगराच्या पायथ्याला, दहा मैलांवर. आश्रुबानं मुंडासं काढून पुन्हा गुंडाळलं. बोलायचं बरंच होतं, पण मेंढका दुसऱ्याच्या रानात उभा राहून किती बोलणार. दगडाबाईनं, त्याच्या बायकोनं, मेंढरांभोवती लावलेली वाघुरीची जाळी उपटली, घोड्यावर भांडीकुंडी, अंथरूण आणि देवाची झोळी बांधली. दुपारी कळप सडकेला लागला.

सुकन्या सगळ्यांच्या मागं. एरवी ती पुढं धावून बांधाकडं वळणारी मेंढरं अडवायची. आज तिच्या आणि शेवटच्या मेंढीच्या मध्ये चांगलं हाकेचं अंतर पडलं. आश्रुबाचा विजयसिंहांवरचा राग अजून तोंडात होता, तो तिच्यावर निघाला.

"ए पोरी! पळायला पाय हायेत आन् चालायला न्हाईत व्हय? सायबीण झाल्यावर चालू नको, आता चाल!"

तिनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि चालीला लागली. दगडाबाईनं घोडा थांबवून नवऱ्याकडं बघितलं. ही ओरड पुढं कितीतरी दिवस आश्रुबाच्या घशात आडवी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर त्यानं औषधाचा घाट घातला. मेंढीला उताणी करून वाकड्या सुरीनं खुराचा सडका भाग कापायचा, आतलं कोवळं उघडं करायचं, वारा लागू द्यायचा. मग जमिनीत उथळ खड्डा करून, त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून मोरचुदाचं निळं पाणी ओतायचं आणि दोन्ही बाजूंनी जाळी लावून एकेक मेंढी त्यातून चालवायची. त्या पाण्याची आग अशी असते, की मेंढी पलीकडं निघाली की चार उड्या मारते. पण तिसऱ्या दिवशी ती चरायला लागते. हे औषध त्याच्या बापानं केलं होतं, आज्यानं केलं होतं.

सुरी मात्र जागेवर नव्हती. बरीच शोधाशोध झाल्यावर सुकन्यानं ती कुठूनशी आणून दिली. दुपारपर्यंत शंभरावर मेंढरं झाली, मग उरलेली. शेवटची मेंढी पाण्यातून पलीकडं उडी मारून गेली आणि आश्रुबा कंबर सरळ करायला उठला. पाठीमागं पुन्हा पाण्याचा आवाज आला. एखादं मेंढरू उलटं फिरलं असेल म्हणून त्यानं वळून बघितलं.

पाण्यात सुकन्या होती. अनवाणी, सलवार पोटरीपर्यंत वर खोचलेली. दात ओठांत रुतवून उभी. चेहरा हळदीसारखा पडलेला, डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण तोंडातून आवाज नाही. तिनं मनात काहीतरी आकडे मोजले असावेत. मोजून झाल्यावर ती बाहेर आली, दोन पावलं टाकली आणि खाली बसली. ज्या दगडावर तिनं पाय ठेवला, त्यावर निळ्या पाण्यात लाल मिसळलेलं होतं.

आश्रुबा धावला. मेंढीचा धरतो तसाच तिचा पाय त्यानं उचलून धरला. उजव्या टाचेवर रुपयाएवढी कातडी नव्हतीच. आतलं मांस उघडं, आणि कडा निळी. डाव्या टाचेवर पाण्यानं टच्च भरलेला फोड.

"ही कातडी कुणी काढली?"

"मीच. काल सांजच्याला. तुमच्या सुरीनं."

"कावून?"

सुकन्यानं त्याच्याकडं असं बघितलं, की हे काय विचारणं झालं. "तुमी मेंढरांचं तसंच करता की, आबा. सुटलेलं कापायचं, वारं लागू द्यायचं आन् मोरचुदातून काढायचं. तिसऱ्या दिशी मेंढरू चालतंय. मला बारा दिसांनी भरतीचं मैदान हाय."

पोर वेडी म्हणावी, तर तिनं त्याचीच विद्या जशीच्या तशी उचलली होती, त्याच्याच हाताकडं बघून. आणि तो, सगळ्या मुलखाच्या मेंढरांचे पाय ऐकणारा, काल तिला सडकेवर ओरडला होता.

"मला सांगायचं व्हतंस," एवढंच तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर पळू दिलं असतं का?"

शेजारच्या गावातल्या उपकेंद्रात बबिता सिस्टर होती. आश्रुबानं सुकन्याला घोड्यावर बसवून नेलं. सिस्टरनं टाच बघितली, वास घेतला, निळी कडा बघितली आणि डोक्यालाच हात लावला.

"मोरचूद? अगं, खूर न्हाई ती, टाच हाय! खुराला शिंगासारखं कवच असतंय. तुला काय हाय?" मग आश्रुबाकडं वळून, "आन् तुमी काय करत व्हतात, बाबा?"

"मेंढरं बघत व्हतो," आश्रुबा खाली मान घालून म्हणाला.

सिस्टरनं जखम कितीतरी वेळ पाण्यानं धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. डाव्या पायाचा फोड मात्र तसाच ठेवला. "ह्याला हात लावायचा न्हाई. वरची कातडी हीच पट्टी समज. आपोआप बसल. आन् सहा दिवस टाचंला काय घासू द्यायचं न्हाई. सातव्या दिवशी मला दाखव."

"म्हंजे पळायचं न्हाई?" सुकन्यानं विचारलं.

"टाचंला घासू द्यायचं न्हाई," सिस्टर पुन्हा म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

सुकन्यानं त्या वाक्याचा आपल्याला हवा तो अर्थ काढला. टाचेला घासायचं नाही म्हणजे टाचेला घासायचं नाही. पळायचं नाही असं कुणी म्हणालेलं नाही.

पहिले दोन दिवस ती उठली की घोड्यावर. नुकतीच जन्मलेली, चालता न येणारी कोकरं मेंढके घोड्यावर झोळीत घालून नेतात. त्या झोळीच्या वर ही बसायची, दोन्ही पाय पांढऱ्या फडक्यात. मोटारसायकलवरून जाणारी पोरं ओरडायची, "नवरीची वरात निघाली का बे!" सुकन्याचे कान लाल व्हायचे. खाली झोळीतून कोकरं तिच्या मांडीला ढुशा द्यायची. संध्याकाळी मुक्कामाला परतली की भरतीत फेकायच्या गोळ्याच्या वजनाचा ओढ्यातला एक गोटा घेऊन ती खांद्यावरून फेकायची, आणणं आईकडं. दगडाबाई कुरकुरत गोटा आणायची. "बाई, तू फेकतीस आन् मी भरती व्हते!"

तिसऱ्या दिवशी पहाटे आश्रुबाला जाग आली ती एका अनोळखी आवाजानं. मेंढरांचा नव्हे, घोड्याचा नव्हे. थप, थप, थप. त्यानं घोंगडीतून डोकं काढून बघितलं. त्याच्या वहाणा जागेवर नव्हत्या. जाड तळाच्या, तीन बोटं रुंद पट्ट्यांच्या, मागून मोकळ्या. सुकन्यानं त्या सुतळीनं घोट्यावर आवळून बांधल्या होत्या आणि डोंगराच्या चढावर ती नुसत्या चवड्यांवर पळत होती. टाच हवेत. वर जायची, तिरकी चालत उतरायची, पुन्हा वर. वहाणा तिच्या पायाला अडीच बोटं मोठ्या. दोनदा ती पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा गुडघा चोळत बसली, आणि आश्रुबाला वाटलं, आता येईल खाली. ती उठली आणि वर गेली.

त्यानं मोजलं. पंधरा वेळा.

आश्रुबानं आयुष्यात खूप चालणारी माणसं बघितली होती. कोकणापर्यंत मेंढरं घेऊन गेलेला बाप बघितला होता. पण कुणी सांगितलेलं नसताना, पुढं चारा नसताना, मागं लांडगा नसताना एवढं अंग झिजवणारं माणूस त्यानं पहिल्यांदा बघितलं, आणि ते त्याच्या घरचं होतं. दगडाबाई चूल पेटवत होती, तिला तो म्हणाला, "बघ की."

"मी रोजच बघते," ती फुंकर मारत म्हणाली. "तुमी आज बघितलं."

त्या दिवसापासून आश्रुबा पहाटे अनवाणी हिंडायला लागला.

सातव्या दिवशी सिस्टरनं टाच बघून मान हलवली. गुलाबी, पातळ कातडी धरली होती. "पळ, पण जपून," ती म्हणाली. सोमनाथचा फोन आला, तो म्हणाला, मैदानात वहाणा चालणार नाहीत, बूट नाहीतर अनवाणी, आणि खाली सगळा मुरूम आहे. सुकन्यानं जुन्या मोज्यावर बूट चढवले आणि सडकेवर पळायला लागली. शंभर पावलं झाली नसतील, ती थांबली. मोज्यावर ओला डाग आला होता. पातळ कातडी पुन्हा उघडली होती.

ती सडकेच्या कडेला बसली आणि पहिल्यांदाच रडली. मोरचुदात न निघालेला आवाज आता निघाला. "पाच दिस ऱ्हायले, आबा."

आश्रुबानं बूट हातात घेतला. आत बोट घालून फिरवलं. मागचा भाग फळीसारखा ताठ होता. त्यानं कमरेची सुरी काढली.

"आबा! नवे हायेत!"

"सडकं हाय ते. कापाय लागतंय," असं म्हणून त्यानं टाचेमागचा ताठ तुकडा सरळ कापून काढला. मग दुसऱ्याचा. आता मागं खिडकी झाली. घोट्याभोवती बांधायला त्यानं लोकरीची दोरी वळून दिली. पण कापलेली कड राहिलीच, ती टोचणार. कापूस भरून बघितला, दहा पावलांत त्याचा गोळा झाला. फडकं घातलं, ते सरकलं. मेंढीची लोकर घातली, ती राठ, कुसळांनी भरलेली. सुकन्या प्रत्येक वेळी पळायची आणि ओठ चावत परत यायची.

दगडाबाई हे सगळं चुलीपासून बघत होती. ती उठली, घोड्याजवळ गेली आणि देवाच्या झोळीची गाठ सोडली. आश्रुबाच्या लक्षात आलं, तो ताडकन उठला.

"ए, त्याला हात लावू नको!"

त्या झोळीत बिरोबाच्या टाकाशेजारी एक पुरचुंडी असायची. कोकराची पहिली कातरणी झाली की त्या लोकरीतली मूठभर बाजूला काढायची, हा त्यांच्या घरचा नेम होता. जावळाची लोकर म्हणायचे तिला. ती वर्षभर साठायची आणि यात्रेत देवाच्या पुढ्यात ठेवायची. ती विकायची नाही, कातायची नाही, अंथरायची नाही. पायाखाली घेणं तर कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दगडाबाईनं पुरचुंडी उघडली. काळी, मऊ लोकर, अजून कोकराच्या अंगाचा तेलकट चिकटपणा धरून असलेली.

"देवाची हाय ती," आश्रुबा म्हणाला.

"म्हाईत हाय." तिनं एक पुंजका तोडून बोटांनी पिंजला. "देवाच्या टाचंला फोड येत न्हाईत. हिच्या येत्यात. यात्रंत मी सांगन त्येला, मीच घेतली म्हून. तुमचं नाव घेणार न्हाई."

आश्रुबा खाली बसला, लेकीचा पाय मांडीवर घेतला आणि बायकोच्या हातातली लोकर त्यानं स्वतः टाचेवर बसवली, चारी बाजूंनी सारखी, वरून पट्टी. बूट चढवला, दोरी आवळली. आवळताना तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. माफी असेल, नाहीतर गाऱ्हाणं. सुकन्या उठली आणि सडकेनं गेली. पहिल्या दगडापर्यंत गेली, दुसऱ्या दगडापर्यंत गेली, वळणाआड दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा मोजा कोरडा होता.

मैदानाच्या दिवशी पहाटे दोघं बीडला पोचले. मेंढरं दगडाबाईच्या हवाली होती. फाटकातून फक्त उमेदवार आत. आश्रुबा भिंतीबाहेर राहिला. भिंत पुरुषभर उंच, वर तार. आजूबाजूला बाकीच्या पोरींचे बाप, भाऊ, कुणी झाडावर चढायच्या खटपटीत. आश्रुबा चढला नाही. भिंतीला पाठ लावून तो उकिडवा बसला, काठी आडवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.

शिट्टी झाली. भिंतीच्या पलीकडून मुरमावर पावलं आली. पंधरा-वीस पोरींची, एकात एक मिसळलेली. त्यानं कान लावला. तो एका लंगड्या पावलाची वाट बघत होता. बारा दिवसांत त्याला ते पाठ झालं होतं, उजवं जरा हलकं, जरा उशिरा. ते आलं. मधल्या पोरींत होतं. मधलं म्हणजे वीस गुण नव्हेत.

पावलं लांब गेली. कुणीतरी आत आरडत होतं. मग पुन्हा मुरूम वाजायला लागला, दुसरी फेरी. पुढची तीन-चार पावलं जोरात, एकसारखी निघून गेली. त्यांच्यात ती नव्हती. मधला घोळका आला. त्यातही नव्हती. मागून रखडत येणाऱ्या दोन पोरी आल्या. त्यांच्यातली एक लंगडत होती, पण डाव्या पायानं. मग आवाज संपला.

उजव्या पायाचं ते उशिराचं पाऊल कुठंच वाजलं नाही.

टाच फुटली. बसली कुठंतरी कडेला. त्याच्या डोळ्यांपुढं निळं पाणी आलं. लोकर सरकली असेल, देवाची वस्तू पायाखाली घेतली, त्याचंच हे. आपण ओरडलो होतो तिला. काठीवर जोर देऊन तो उठला आणि फाटकाकडं गेला. तिथल्या हवालदाराला हात जोडून म्हणाला, "सायेब, आत एक पोरगी पडलीय. माझी हाय." हवालदार म्हणाला, "कोणी पडलेलं नाही, बाबा. बाजूला व्हा."

तास गेला असेल. फाटकातून पोरी एकेक बाहेर यायला लागल्या आणि त्यांच्यात सुकन्या दिसली. आश्रुबानं चेहरा बघितलाच नाही, पाय बघितले. दोन्ही पाय जमिनीवर सारखे पडत होते.

"दोन अठ्ठेचाळीस," ती लांबूनच म्हणाली. घसा बसला होता. "वीस मिळाले, आबा. पुरे वीस. आता उद्या गोळा फेकायचाय, मग पेपर. पण हे झालं!"

"मला तुझं पाऊल ऐकूच आलं न्हाई," आश्रुबा म्हणाला. "पयल्या फेरीत ऐकलं. दुसऱ्या फेरीत न्हाई आलं."

सुकन्या हसली. "पयल्या फेरीत जपून पळले. दुसऱ्या फेरीत टाच हाय हेच इसरले. पुढच्या चौघींत व्हते की मी."

म्हणजे ते जोरात, एकसारखं गेलेलं पाऊल तिचं होतं. लंगडणारी मेंढी ऐकायला बसलेल्या माणसाच्या समोरून ती धडधाकट निघून गेली होती.

आश्रुबा तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसला. बाकीच्या पोरींचे बाप बघत होते, बघू देत. त्यानं लेकीचा उजवा पाय मांडीवर घेतला, दोरी सोडली, बूट काढला, पट्टी उलगडली. जावळाची लोकर दाबून दाबून पातळ झाली होती, बरोबर टाचेच्या आकाराची, घामानं ओली. खाली गुलाबी कातडी शाबूत होती.

"टाका ती आता, आबा. घाण झाली."

त्यानं ती टाकली नाही. दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली, मुंडाशाच्या शेवटच्या वेढ्यात नीट गुंडाळली आणि म्हणाला, "यात्रंत देवाला हीच द्यायची."